शनीवरचा पांढरा डाग

सूर्यमालेतील ग्रहांत शनीचे रूप मोठे मनोहर आहे. असंख्य हिमकणांची विस्तीर्ण कडी त्याला वेढून आहेत. सूर्य आणि शनी यांच्यामध्ये पृथ्वी येते, तेव्हा शनीची प्रतियुती झाली असे म्हणतात. त्या सुमारास सूर्य मावळताच शनी पूर्वेस उगवतो आणि रात्रभर आकाशात असतो. पृथ्वीपासून त्याचे अंतर तेव्हा वर्षातील सर्वांत कमी, म्हणजे सुमारे १३० कोटी किलोमीटर असते. कड्यांतील कणांच्या सावल्या त्या कणांच्याच आड जातात. त्यामुळे कडीही काही दिवस अधिक तेजस्वी दिसतात. वेध घेण्यास याहून चांगला काळ नाही.

१९३३ च्या ऑगस्ट महिन्यात असाच योग होता. लंडनच्या नॉरबरी भागात विल हेय नावाचे विनोदी नट राहत असत. विद्यार्थ्यांपुढे पदोपदी फजीत होणाऱ्या मास्तरांची भूमिका करून ते लोकांना पोट धरून हसवीत. परंतु रंगभूमीवरील काम आटोपले, की त्यांचे मन आपल्या दुर्बिणीकडे धाव घेई. तिचे भिंग अवघे पंधरा सेंटिमीटर व्यासाचे होते.

३ ऑगस्टच्या रात्री शनीच्या विषुववृत्ताजवळ त्यांना एक मोठा पांढरा डाग दिसला. शनीचे बिंब एरवी फिकट पट्ट्यांचे आणि शांत दिसते. ते नेहमीचे रूप त्यांच्या चांगल्या परिचयाचे होते. म्हणूनच हे नवे चिन्ह त्यांच्या नजरेतून सुटले नाही. तरीही एकट्याच्या डोळ्यांवर न विसंबता त्यांनी ही गोष्ट दुसऱ्या निरीक्षकास कळविली. त्यासही तो डाग दिसला. डाग बिंबाच्या मध्यरेषेवर केव्हा येतो, त्या वेळा घड्याळ पाहून टिपण्यात आल्या. शनीचा विषुववृत्ताजवळचा भाग सुमारे सव्वादहा तासांत एक फेरी पुरी करतो, हे अशाच नोंदींवरून कळते.

तो डाग म्हणजे शनीच्या वातावरणात उसळलेले प्रचंड वादळ होते. १८७६ आणि १९०३ या वर्षीही अशी वादळे दिसली होती. पुढे १९९० मध्ये असेच वादळ प्रथम पाहिले, तेही अमेरिकेतील एका हौशी निरीक्षकाने. २०१० मध्ये तर कॅसिनी यान शनीभोवती फिरत होते. तरीसुद्धा हौशी निरीक्षकांनी घेतलेली वादळाची छायाचित्रे संशोधकांच्या उपयोगी पडली.

मोठ्या दुर्बिणींना कामे नेमून दिलेली असतात. एकाच ग्रहाकडे रात्रीमागून रात्री पाहत राहण्याची सवड त्यांना क्वचितच मिळते. ती उणीव लहान दुर्बीण आणि नित्याचा अभ्यास यांनी भरून निघते.