मळणीयंत्र आणि एक पंचमांश सेकंद
(इयत्ता सातवीसाठी समवाय पाठ : गणित व सामान्य विज्ञान)

सुगीच्या दिवसांत पूर्वी खळ्यावर बैलांची पात फिरत असे. पात हाकणाऱ्याचा पाय घसरला, तर त्याच्या हाकेसरशी बैल थांबत. मळणीयंत्र हाकेने थांबत नाही. भाड्याचे यंत्र दुसऱ्या शेतात जावयाचे असते, आभाळ भरून आलेले असते, काम रात्रीपर्यंत लांबते. अशा घाईत उपरण्याचे टोक, साडीचा पदर किंवा सैल बाही फिरत्या भागात सापडते आणि माणूस हात गमावतो. कित्येकदा प्राणही गमावतो. भाकरी व पाणी घेऊन गेलेली मुले तेथेच वावरत असतात. म्हणून हा विषय शाळेचाही आहे.

हेतू : “जपून काम करा” एवढ्या उपदेशाने कार्य होत नाही. कापड अडकले तर आपण ते वेळीच मागे ओढू, असे प्रत्येकास वाटते. हा समज चुकीचा आहे, हे मुलांना स्वतः मोजून कळावे.

साहित्य : ३० सें.मी.ची पट्टी, लाटणे, कापडाची लांब चिंधी.

प्रयोग : एका मुलाने पट्टी वरच्या टोकाशी उभी धरावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेजवळ अंगठा व बोट उघडे ठेवावे. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी. दुसऱ्याने ती पकडावी. पाच वेळा प्रयोग करून सरासरी काढावी. पट्टी बहुधा १५ ते २० सें.मी. घसरल्यावरच हाती लागते. २० सें.मी. पडण्यास सुमारे १/५ सेकंद लागतो. पकडणारा मुलगा तयारीत होता, हे वर्गाच्या ध्यानात आणून द्यावे. दिवसभर राबलेल्या माणसास याहून अधिक वेळ लागेल.

गणित : ट्रॅक्टरची शक्ती मळणीयंत्रास पोचविणारा पीटीओचा दांडा सामान्यतः मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास ९. दांड्याचा व्यास ७ सें.मी. धरल्यास परीघ २२ सें.मी. येतो. एका सेकंदात २२ × ९ = १९८ सें.मी., म्हणजे सुमारे दोन मीटर कापड गुंडाळले जाईल. १/५ सेकंदात सुमारे ४० सें.मी. होईल. कापड अडकल्याचे कळेपर्यंत जवळजवळ हातभर कापड आत गेलेले असते. यानंतर लाटण्यावर चिंधी गुंडाळून दाखवावी. वेढे वाढतात तशी गुंडाळी जाड होते आणि प्रत्येक फेऱ्यास अधिक कापड ओढले जाते, हे मुलांस दिसेल. तेव्हा सावधगिरी यंत्राजवळ जाण्यापूर्वीच घेतली पाहिजे, हा निष्कर्ष मुलांकडूनच काढून घ्यावा.

फळ्यावर लिहावयाचे नियम :
१. दांडा व पट्टे यांवरील आवरण बसविल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.
२. फिरता दांडा ओलांडू नये.
३. अडकलेला घास काढावयाचा किंवा वंगण द्यावयाचे असल्यास इंजिन बंद करावे, किल्ली खिशात ठेवावी व सर्व भाग थांबेपर्यंत वाट पाहावी.
४. उपरणे, मफलर काढून ठेवावे, पदर घट्ट खोचावा, केस बांधावे.
५. मुलांनी भाकरी बांधावरच ठेवावी. यंत्राजवळ जाऊ नये.
६. अपघात झाल्यास प्रथम इंजिन बंद करवावे. अडकलेल्या माणसास ओढू नये. रक्तस्राव होत असल्यास जखम स्वच्छ कापडाने दाबून धरावी व १०८ क्रमांकास कळवावे.

गृहपाठ : मुलांनी घरातील मोठ्या माणसाच्या हाताची लांबी खांद्यापासून बोटांपर्यंत मोजून आणावी. मळणीयंत्रात घास सरकविण्याचे पन्हळ निदान ९० सें.मी. लांब असावे व त्याचा आतील निदान ४५ सें.मी. भाग झाकलेला असावा, असे भारतीय मानक सांगते. मोजलेली लांबी या मापाशी ताडून पाहिली म्हणजे त्याचे कारण मुलांस उमगेल. अशा यंत्रांसाठी १९८३ साली स्वतंत्र कायदा झाला, हेही सांगावे. परंतु काढून टाकलेले आवरण परत बसविणे घरच्याच माणसाच्या हाती असते.

शिक्षकांसाठी सूचना : चालू यंत्र दाखविण्यास मुलांना कधीही नेऊ नये. वर्गातील एखाद्याच्या घरी असा अपघात घडला असल्यास त्याच्याशी पाठापूर्वी एकांतात बोलावे. त्या घटनेचा उल्लेख अगर दोषाची चर्चा वर्गात करू नये. घरी जाऊन वडीलधाऱ्यांस शिकवा, असेही मुलांस सांगू नये. लहान तोंडी मोठा घास कोणास रुचत नाही. त्याऐवजी पट्टीचा खेळ वडिलांशी व आजोबांशी खेळावयास सांगावे आणि हिशेबाची वही त्यांस दाखवावयास सांगावी. पट्टी आपल्याच बोटांतून निसटली, की पुढचे सांगणे सोपे होते. हा पाठ मळणी सुरू होण्यापूर्वीच्या आठवड्यात घ्यावा.