ट्रेकच्या आदला दिवस कोटेशनमध्ये कुठे लिहिता?

मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. "सर, कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजगड असे ग्रुप आम्ही नेतो. आता नेपाळला एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ग्रुप काढायचाय. पॅकेजचा भाव कसा लावायचा?" भावाचं गणित पुढच्या भागात करूच. आज फक्त एका दिवसाबद्दल बोलायचंय, जो नव्या आयोजकांच्या कोटेशनमध्ये बहुतेक वेळा नसतोच. गिऱ्हाईक काठमांडूला उतरतं तो दिवस.

हा दिवस मी स्वतः गिऱ्हाईक म्हणून भोगलाय. धंदा शिकवणारा माणूस, म्हणून हॉटेलची एक रात्र वाचवायला गेलो आणि ट्रेकच्या आदल्या संध्याकाळी पोचणारं तिकीट काढलं. दिल्लीला विमान बदललं. त्रिभुवन विमानतळावर मी पोचलो, बॅग नाही पोचली. पट्टा फिरून फिरून बंद पडला. बूट, जाड जॅकेट, लोकरीचे कपडे सगळं त्या बॅगेत. माझ्या पायात सँडल! आणि ग्रुप रात्री एक वाजता निघणार.

रात्री एकला का? हे नीट समजून घ्या, कारण तुमचं सगळं वेळापत्रक यावर उभं आहे. ट्रेक सुरू होतो लुकलाहून. तिथली धावपट्टी जेमतेम 527 मीटरची, तीही चढाची. दुपारी वारा आणि ढग येतात, म्हणून विमानं सकाळीच उडतात. त्यात हंगामात काठमांडूच्या विमानतळावर गर्दी असते, म्हणून लुकलाची बरीच विमानं रामेछापजवळच्या मंथलीहून सोडतात. काठमांडूहून तिथे गाडीने चार-पाच तास. म्हणजे संध्याकाळी उतरलेल्या माणसाला काही बिघडलं तर दुरुस्त करायला हातात पाच-सहा तास, तेही दुकानं बंद होत असताना.

आमचे आयोजक नेपाळी होते, सगळे त्यांना दाजू म्हणायचे, म्हणजे आपल्याकडचा दादा. फोन केल्यावर त्यांनी पहिलं वाक्य बोललं ते असं: "विमानतळाबाहेर पडू नका. आधी काउंटरवर तक्रार लिहून पावती घ्या." मी बाहेर पडायच्याच बेतात होतो. मग त्यांनी थामेलमधलं एक दुकान उघडं ठेवायला लावलं. जॅकेट, स्लीपिंग बॅग, काठ्या थामेलमध्ये भाड्याने मिळतात. बूटही मिळत होते. पण दाजूंनी ते घेऊ दिले नाहीत. "कोऱ्या किंवा दुसऱ्याच्या बुटात दोन दिवसांत पायाला फोड येतील. तुम्ही थांबा. बॅग आली की एक गाइड घेऊन मागून या."

बॅग दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मी एक दिवस मागे. मनात म्हटलं, ग्रुप नामचेला एक दिवस विश्रांती घेतो, तिथे गाठू. गाठलंही. पण नामचे आहे 3,440 मीटरवर. तो दिवस आरामाचा नसतो, शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून असतो. तो ग्रुपचा झाला होता, माझा झाला नव्हता. मी गाइडशी भांडलो, दाजूंना फोन लावला, जादा पैसे देतो म्हणालो. दाजू हलले नाहीत. पुढे 4,410 मीटरवर डिंगबोचेलाही तेच. शेवटी लोबुचेच्या वर वाटेत ग्रुप भेटला. ते 5,364 मीटरवरचा बेस कॅम्प बघून खाली येत होते, मी वर चाललो होतो. फोटो काढायला माझ्यासोबत फक्त गाइड.

वेगळा गाइड, काठमांडूची जादा रात्र, हा खर्च कोणाचा? मी तावातावाने विचारलं. दाजूंनी माझीच सही असलेला कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. 'उशिरा पोचणे किंवा सामान न पोचणे: खर्च ट्रेकरचा.' एक ओळ! ती नसती तर त्या ट्रिपमधला त्यांचा नफा माझ्या बॅगेने खाल्ला असता. आणि मी त्यांना वाईट रिव्ह्यू दिला असता, हेही खरं.

आता तुमच्या कामाचं. ग्रुपला दोन रात्री आधी बोलवा आणि मधला पूर्ण दिवस पॅकेजमध्येच धरा, 'ऐच्छिक' लिहू नका. ऐच्छिक लिहिलं की माझ्यासारखे ते गाळतात. त्या दिवशी प्रत्येकाची बॅग पलंगावर उघडायला लावा आणि तुम्ही स्वतः बघा. लुकलाच्या विमानात साधारण 15 किलोच सामान चालतं, त्यामुळे वजनकाटा सोबत ठेवा. कमी काय, जास्त काय, ते थामेलमध्ये तिथल्या तिथे मिटतं. विम्यात हेलिकॉप्टरने खाली आणणं आणि 5,500 मीटरपर्यंतची उंची आहे का, ते कागदावर वाचा, गिऱ्हाइकाच्या शब्दावर जाऊ नका. बूट मुंबईहूनच पायात घालून यायचे, हे तर तिकिटासोबतच कळवा.

बाकी बारीकसारीक: भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, आधारवर तरुण माणूस अडकतो. 100 भारतीय रुपये म्हणजे 160 नेपाळी, हा दर बांधलेला आहे. घड्याळ 15 मिनिटं पुढे करा. शनिवारी तिथे सुट्टी असते, बँकेची कामं त्या दिवसावर ठेवू नका.

या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या सध्याच्या कुठल्याही ट्रिपचं कोटेशन काढा, अगदी एका दिवसाच्या राजगडचं असलं तरी चालेल. गिऱ्हाईक घरातून निघतं तिथपासून ट्रेकचं पहिलं पाऊल पडेपर्यंत काय काय बिघडू शकतं ते लिहा, आणि प्रत्येकासमोर एकच नाव लिहा: खर्च कोणाचा. जिथे नाव लिहिताना पेन थांबेल, ती ओळ घेऊन रविवारच्या लाइव्हला या.