बेट निवडावं आजीच्या चालीने

ओळखीतल्या कुणाचं अंदमानला जायचं ठरलं की एक प्रश्न मला हमखास येतो: नील बेटावर मुलाबाळांना, आईवडिलांना घेऊन राहावं, की सकाळच्या बोटीने जाऊन संध्याकाळी परत यावं? डिसेंबर २०१८मध्ये या बेटाचं नाव शहीद द्वीप झालं, पण जेट्टीवर अजूनही ‘नील’च ऐकू येतं. बेट जेमतेम चौदा चौरस किलोमीटरचं. भातशेती, भाजीचे मळे, नारळ-सुपारी, एक छोटा बाजार आणि भोवती प्रवाळाचा समुद्र. सासूबाई, नवरा, मुलगी आणि कॉलेजात जाणारा भाचा असा आमचा गोतावळा तिथे राहून आला आहे. त्या अनुभवातून जे पक्कं झालं, ते इथे मांडते.

१. आधी आपल्या घराकडे बघा

बेट सुंदर आहे, यात वादच नाही. ठरवायचं असतं ते हे की घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाचा दिवस तिथे कसा जाईल. एक कागद घ्या आणि त्या माणसाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस तासातासाने लिहून काढा. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना बसायला खुर्ची, डोक्यावर सावली, जवळ कमोड आणि दुपारची झोप हवी. मुलीला उथळ पाणी आणि वाळू पुरते. भाच्याला रोज काहीतरी नवं लागतं. ज्याचा कागद सर्वांत अवघड, त्याच्या सोयीने मुक्काम ठरवायचा. घरातलं सर्वात हळू चालणारं माणूस सुखात असेल, तर बाकीचे आपोआप रमतात. उलट कधी होत नाही.

२. किनारा निवडण्याआधी भरती-ओहोटी बघा

लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते. नीलच्या किनाऱ्यांची नावं रामायणातली आहेत: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. नावं एका कुटुंबातली असली तरी स्वभाव वेगळे. भरतपूर जेट्टीला लागून आहे. तिथे वाळू मऊ आणि पाणी शांत, म्हणून मुलांसाठी तोच बरा. काचेच्या तळाच्या बोटीही तिथूनच सुटतात, त्यामुळे पाण्यात न उतरताही सासूबाईंना प्रवाळ आणि मासे बघता आले. सीतापूरला लाटा जोरात असतात. ते पहाटे सूर्योदय बघायला उत्तम, पोहायला नाही. लक्ष्मणपूरला सूर्यास्त अप्रतिम, पण पाण्याखाली मेलेलं प्रवाळ टोचतं.

ओहोटीला मात्र सगळंच चित्र पालटतं. पाणी खूप आत जातं, जिथे तासाभरापूर्वी मूल डुंबत होतं तिथे घोटाभर पाणी आणि धारदार खडक उरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा फरक सर्वांत जास्त, अष्टमीच्या सुमारास भांगाला कमी. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, चतुर्थीला तीन वाजता वगैरे. तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा आहे, अंदमानला लागू पडत नाही. तिथलं भरतीचं वेळापत्रक वेगळं पाहावं लागतं. हॉटेलवाल्याला किंवा बोटवाल्याला आदल्या रात्री विचारून ठेवायचं: उद्या पाणी कधी भरेल, कधी उतरेल? भरतीला डुंबणं, ओहोटीला खडकांवरची भटकंती, असा दिवस आखला की कुणी हिरमुसत नाही.

ओहोटीची गंमत बघायची असेल तर लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावरची नैसर्गिक कमान गाठा. वस्तीतले बंगाली लोक तिला ‘हावडा ब्रिज’ म्हणायचे. वाट पायऱ्या उतरून ओल्या, निसरड्या प्रवाळ-खडकांवरून जाते. चपला नकोत, मागे पट्टा असलेले घट्ट सँडल हवेत. सासूबाई वरच झाडाखाली शहाळं पीत बसल्या. मुलगी आणि मी खाली गेलो. एका डबक्यात नखाएवढा शंख चालायला लागला. मुलगी उकिडवी बसली. शंखातून आधी दोन बारीक डोळे बाहेर आले, मग एक निळसर नांगी, मग एकदम सगळे पाय. वाटाड्याने तिला तो तळहातावर घेऊ दिला आणि म्हणाला, ‘‘जहाँ से उठाया, वहीं रखना.’’ तिने नेमकी तीच फट शोधून त्याला परत ठेवलं. पुढचा पाऊण तास तिला दुसरं काही नको होतं.

३. दिवस पहाटे सुरू होतो, हे मुलांना आधीच सांगा

अंदमान मुंबईच्या सुमारे वीस रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. त्यामुळे डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेपाचला अंधार होतो. सुट्टी म्हणजे नऊला उठणं, असं ज्या घरात असेल, त्यांचा अर्धा दिवस झोपेतच जाईल. पहाटे उठणाऱ्यांना मात्र हे बेट भरभरून देतं. सकाळची बोट येईपर्यंत किनारे जवळजवळ रिकामे असतात. एकदा बोटीतली गर्दी उतरली की भरतपूरला गजबज होते. म्हणून माझं मत असं की यायचं तर निदान दोन रात्री राहा. एका दिवसाच्या धावपळीत हाती लागते ती फक्त गर्दी.

४. खरी परीक्षा संध्याकाळची

अंधार पडल्यापासून जेवणापर्यंत तीन तास असतात. अलिबाग-काशीदला या वेळात भेळ, घोडागाडी, दुकानं सगळं असतं. नीलला बाजारात एक फेरी मारली, चहा घेतला, की संपलं. मोबाइलला रेंज येते-जाते. २०२०मध्ये चेन्नईहून समुद्राखालून इंटरनेटची केबल अंदमानला आली आणि पोर्ट ब्लेअरखेरीज आणखी सात बेटांना जोडली गेली. त्या सातांत शेजारचा स्वराज द्वीप, म्हणजे हॅवलॉक आहे, नील नाही. ऑफिसची मीटिंग तिथून करायचा बेत असेल तर तो सोडून द्या. रोख पैसेही पोर्ट ब्लेअरहूनच घेऊन निघा.

आमच्याकडे पत्त्यांचा जोड आणि एक टॉर्च होता. भाचा सुरुवातीला कंटाळला, मग आजीकडून बदामसात शिकला आणि रोज तोच डाव मांडू लागला. पण हे प्रत्येक घरात घडेलच असं नाही. कॉलेजातल्या मुलाला जबरदस्तीने शांतता देता येत नाही. त्याला आधी विचारा. त्याला स्कूबा, गर्दी, कॅफे हवे असतील, तर मुक्काम स्वराज द्वीपला करा आणि नील एक-दोन रात्रींपुरतं ठेवा.

५. दवाखाना आणि बोट यांचा विचार एकत्र करा

बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. ताप, जुलाब, खरचटणं यांपुरतं ते पुरतं. त्यापुढच्या कशालाही पोर्ट ब्लेअरचं गोविंद वल्लभ पंत रुग्णालय गाठावं लागतं, आणि मध्ये दीड-दोन तासांचा समुद्र आहे. पर्यटकांच्या बोटी रात्री चालत नाहीत. म्हणून घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल किंवा तान्हं बाळ असेल, तर मी मुक्कामाचा आग्रह धरत नाही. रोजची औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त न्या. प्रवाळाने कापलेली जखम चिघळते, तेव्हा ती लगेच गोड्या पाण्याने धुऊन औषध लावा. उलटीची गोळी बोटीत बसण्याआधी अर्धा तास घ्या. समुद्र खवळल्यावर घेऊन उपयोग नसतो.

६. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच राहा

अंदमानात नैर्ऋत्य मान्सून आपल्या आधी, मे महिन्यातच पोचतो, आणि वर्षाच्या शेवटी बंगालच्या उपसागरातली वादळं असतात. डिसेंबर २०१६मध्ये असंच हवामान बिघडलं, बोटी थांबल्या आणि हॅवलॉक-नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले. शेवटी नौदलाच्या जहाजांनी त्यांना सोडवून आणलं. शांत, स्वच्छ जानेवारी-फेब्रुवारी-मार्च हे महिने कुटुंबाला उत्तम. तरीही बोटीचा आणि विमानाचा दिवस एकच ठेवू नका. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, मोकळा राहिलेला दिवस वाया जात नाही. सेल्युलर जेल मराठी माणसाने निवांत बघायची जागा आहे. सावरकरांच्या कोठडीपाशी घाई करवत नाही.

७. जेवणाचा हट्ट घरी ठेवून या

फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना इथे जमिनी मिळाल्या. त्यांनी जंगल हटवून मळे उभे केले, आणि आज नीलची भाजी पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाते. त्यामुळे ताजी भाजी आणि मासळी भरपूर, पण हात बंगाली. मोहरीच्या तेलाचा वास मुलांना नवा असतो. सासूबाई शाकाहारी. त्यांच्यासाठी सकाळीच सांगून ठेवलं की वरण-भात, भाजी, पोळी व्यवस्थित मिळायची. आयत्या वेळी मागितलं तर तासभर थांबावं लागतं, कारण ते तेव्हा चुलीवर चढतं. गोडं पाणी पावसावर अवलंबून आहे, म्हणून आंघोळ बादलीभर पाण्यातच उरकावी.

८. बेटावरून काही उचलून आणू नका

प्रवाळ आणि अनेक जातींच्या शंखांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. विमानतळावर सामान तपासतात. मुलांना हे निघण्यापूर्वीच समजावून सांगितलं की तिथे रडारड होत नाही. शिवाय प्रवाळावर उभं राहायचं नाही, हेही सांगा. ते दगड दिसतात, पण जिवंत असतात. बेट अजून शांत आहे, ते तसं राहणं आपल्या तिथल्या वागण्यावरही अवलंबून आहे.

९. शंका असेल तर कोकणात रंगीत तालीम करा

केळशी, आंजर्ले, वेळास अशा एखाद्या गावात घरगुती मुक्कामाला दोन दिवस जा. बाजार नाही, रात्री आठनंतर सामसूम. दुसऱ्या दिवशी दुपारी घरातली माणसं काय करताहेत ते बघा. कुणी झोपाळ्यावर, कुणी वाळूत, कुणी माजघरात गप्पा मारत असेल, तर नील तुमचंच आहे. सगळे गाडीची किल्ली शोधत असतील, तर तेही उत्तरच आहे, आणि विमानाच्या तिकिटांपेक्षा पुष्कळ स्वस्तात मिळालेलं.

मला कुणी एका वाक्यात विचारलं तर सांगते: पाच-सहा वर्षांपुढची मुलं, हिंडते-फिरते आजीआजोबा आणि पहाटे उठायची सवय असेल, तर नीलवर जरूर राहा, भरतपूरजवळ, निदान दोन रात्री. तान्हं बाळ, गंभीर आजार किंवा सतत काहीतरी घडत राहावं अशी ओढ असेल, तर दिवसाची फेरी करा आणि मुक्काम सोयीच्या जागी ठेवा. दोन्ही निर्णय चांगलेच आहेत. फक्त ते फोटो बघून घेऊ नका, घरातल्या माणसांकडे बघून घ्या.