गळाचे जिवंत आमिष

खाडीच्या तोंडाशी एका माणसाची लहान होडी घेऊन गळ टाकणारे कोकणात पुष्कळ आहेत. त्यांचे डोळे जिताड्याकडे लागलेले असतात. जिताडा म्हणजे रायगडातला मानाचा मासा. पेण-अलिबागच्या खारपाटात लोक तो मुद्दाम तळ्यात वाढवतात. गोव्यात त्याला चोणक म्हणतात.

जिताडा शिकारी आहे. खडकाच्या किंवा कांदळाच्या मुळांच्या आडोशाला तो दबून राहतो. समोर काही हलले की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. म्हणून आमिष हलते हवे. गढूळ पाण्यातही त्याला ते कळते. माशाच्या दोन्ही कुशींवर एक रेघ असते. पाण्याची हालचाल त्या रेघेला जाणवते.

मग कोळंबी घ्यावी की बोय? कोळंबी पागाला सहज मिळते. पण ती सगळ्यांनाच आवडते! जिताडा यायच्या आधी शिंगाळा येतो, खेकडा येतो, आणि गळ रिकामा होतो. (शिंगाळ्याचा काटा लागला तर हात सोसवेल इतक्याच गरम पाण्यात धरावा आणि डॉक्टरला दाखवावा.) बोटाहून थोडी मोठी बोय मात्र चिवट. बारीक मासे तिला गिळू शकत नाहीत. कालवणापुरते काहीही चालत असेल तर कोळंबी ठीक. जिताड्यासाठीच बसायचे असेल तर आम्ही बोय घ्या म्हणू.

कोळंबी पारखून घ्यावी. अंग काचेसारखे दिसते, मिशा शाबूत आहेत, हात लावताच उडते, ती चांगली. अंग दुधासारखे पांढरे झाले की ती मरणार. नुकती कात टाकलेली मऊ कोळंबी गळावर टिकत नाही.

पण खरी मेहनत आमिष जगवण्याची. कितीतरी जण बालदी गच्च भरतात. ऊन चढते, आमिष मरते, आणि हातची भरती फुकट जाते. असे का होते? पाणी तापले की त्यात हवा कमी राहते. बोय वर येऊन तोंड उघडझाप करू लागली, म्हणजे तिला हवा पुरत नाही. म्हणून आमिष थोडेच घ्यावे. पाणी खाडीचेच घ्यावे, विहिरीचे किंवा नळाचे नको. ते अधूनमधून बदलावे. मेलेले लगेच काढावे. बालदीवर ओले पोते टाकावे, म्हणजे सावलीही होते आणि बोय उडून जात नाही. बालदी होडीत मधोमध, पायांशी ठेवावी. ती कडेला ठेवली तर वाकावे लागते, आणि लहान होडी उलटायला तेवढे पुरते.

आता गळ टोचणे. कोळंबीच्या डोक्यात काळा ठिपका दिसतो. तिथे गळ लागला की ती मेलीच. डोक्यावरच्या करवती काट्याच्या मुळाशी, ठिपक्याच्या पुढे टोचावा. बोयीला, पाण्याला ओढ असेल तर ओठातून टोचावा. पाणी थांबलेले असेल तर पाठीत, कण्याच्या वर. धरताना हात ओला असू द्यावा. कोरड्या हाताने तिची खवले निघतात, आणि ती फार वेळ पोहत नाही.