इंजिनचे राखीव सुटे भाग : न वापरताही खराब होतात काय ?

गव्हाच्या पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटू लागतात. या वेळी पाण्याचा ताण पडला तर फुटवे कमी येतात, आणि ती तूट पुढे कितीही पाणी दिले तरी पुरती भरून निघत नाही. नेमक्या अशाच दिवशी विहिरीवरील डिझेल इंजिनचे तेल गळू लागते. शेतकरी निर्धास्त असतो; कारण काही वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेले कोरे ऑइल सील घरात आहे. पुडी उघडून पाहावे तो सील कडक झालेले, वाकविताच त्याच्या ओठाला तडे जातात. तालुक्याहून नवे सील येईपर्यंत पाण्याची पाळी हुकते.

वापराने वस्तू झिजते हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु खराब होण्यास वापराची गरज नसते. हवा, ओलावा, उष्णता व उजेड यांचे काम अडगळीच्या फळीवरही अखंड चालू असते. मात्र प्रत्येक भागावर त्यांचा परिणाम सारखा होत नाही. तो भाग कशाचा बनला आहे, यावर त्याचे आयुष्य व तो राखण्याची रीत अवलंबून असते.

लोखंडी व पोलादी भाग

लोखंड गंजण्यास हवा व पाणी दोन्ही लागतात. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की धातूवर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर बसतो आणि गंज झपाट्याने वाढतो. पावसाळ्यात कोकणात आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांहून अधिक असते. शिवाय समुद्रकाठी हवेत क्षार असतात. घामट हाताचे ठसेही गंजाला पुरेसे होतात.

सर्वांत नाजूक भाग म्हणजे इंधन पंपाचा प्लंजर व नोझल. यांच्या जोडीतील फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागांइतकीच असते. त्यामुळे गंजाचा एखादा ठिपकाही जोडी अडकवितो. असे भाग कारखान्याच्या वेष्टनातच ठेवावेत व एका जोडीचा भाग दुसऱ्या जोडीत घालू नये.

याउलट लायनर, पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह यांसारखे भाग तेलाच्या थराखाली कोरडे ठेवल्यास दीर्घकाळ चांगले राहतात. त्यांना स्वच्छ गंजरोधक तेल लावून मेणकागदात गुंडाळावे. इंजिनमधून काढलेले काळे तेल वापरू नये. त्यात आम्ल व ओलावा असतो. लायनर आडवा न टाकता उभा ठेवावा. बेअरिंगचे पोलाद टिकले तरी आतील ग्रीस काळाने घट्ट होते. म्हणून ग्रीस भरून बंद केलेली बेअरिंगे साधारणपणे ३ वर्षांच्या आत वापरावीत.

रबरी भाग

रबराची गोष्ट निराळी आहे. हवेतील प्राणवायू व ओझोन यांच्यामुळे ते हळूहळू कडक होते, भेगाळते किंवा चिकट होते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या २२३० क्रमांकाच्या मानकानुसार योग्य वेष्टनात ठेवलेल्या नैसर्गिक रबराच्या वस्तूंसाठी ५ वर्षे, नायट्राइल रबरासाठी ७ वर्षे व सिलिकोन रबरासाठी १० वर्षे अशी साठवणीची प्रारंभिक मुदत धरतात. ही मुदत सुमारे २५ अंश सेल्सिअसच्या आतील, अंधाऱ्या व कोरड्या जागेसाठी आहे. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ती निश्चितच कमी होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. जे तेल लोखंडाला तारक, तेच नैसर्गिक रबराला मारक होय. तेलाने असे रबर फुगते व मऊ पडते. म्हणून रबरी भाग तेलकट भागांबरोबर एका डब्यात ठेवू नयेत. तांब्या-पितळेशीही त्यांचा स्पर्श होऊ देऊ नये. पट्टे खुंटीला टांगू नयेत. त्या जागी त्यांना कायमचा बाक येतो.

जागेची निवड

पितळी बुश व जोडण्या गंजत नाहीत म्हणून कोठेही ठेविल्या जातात. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश लष्कराच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात साठ्यातच तडे जात असत. पितळातील ताण व हवेतील अमोनिया यांच्या संयोगाने असे घडते, हे पुढे १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. जनावरांच्या मूत्रातून अमोनिया निघतो. म्हणून गोठा ही सुट्या भागांची जागा नव्हे. खताची खोलीही नव्हे; रासायनिक खते हवेतील ओलावा ओढून घेतात व त्यांचे क्षार लोखंड खातात. खताच्या रिकाम्या पोत्यातही भाग बांधू नयेत. फॉस्फिनची धुरी दिली जाते अशा धान्याच्या गोदामात तांब्याचे व विजेचे भाग ठेवू नयेत. तो वायू तांब्यावर दुष्परिणाम करतो. भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच, झाकणाचा डबा सर्वांत चांगला.

काय करावे ?

१. प्रत्येक पुडीवर खरेदीचा महिना व वर्ष लिहावे. आधी आणलेला भाग आधी वापरावा.

२. लोखंडी भाग राखीव ठेवण्यास हरकत नाही. रबरी भाग मात्र एका हंगामाच्या गरजेपुरतेच घ्यावेत.

३. ट्रॅक्टरची बॅटरी राखून ठेवू नये. आम्ल भरलेली बॅटरी पडून राहिल्यास आपोआप उतरते व तिच्या पट्ट्या निकामी होतात.

४. पावसाळा संपताच, रब्बीच्या पेरणीपूर्वी, डबा उघडून तपासणी करावी. सील व पट्टे हलकेच वाकवून भेगा पाहाव्यात, बेअरिंग हाताने फिरवून पाहावे, लोखंडी भागांना पुन्हा तेल लावावे.

५. बसविण्यापूर्वी लोखंडी भागांवरील जुने तेल स्वच्छ डिझेलने धुऊन काढावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रब्बीच्या बैठकीत बियाणे व खते यांबरोबर या तपासणीचीही आठवण द्यावी. आश्विनात निकामी आढळलेला भाग फार तर एका फेरीचा खर्च मागतो. तोच भाग पाण्याच्या पाळीला निकामी आढळला, तर पिकाचा एक हिस्सा घेऊन जातो.