थ्री नॉट थ्री : एका रायफलीची देखभाल

‘थ्री नॉट थ्री’ म्हणजे काय हे बीड जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. बंदोबस्तावरच्या पोलिसांच्या खांद्यावर ती आपल्या वडीलधाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाहिली. एन.सी.सी.च्या परेडला मी तिचीच डी.पी., म्हणजे फक्त कवायतीसाठी असलेली रायफल उचलतो. पण मेकॅनिकलवाल्याला त्यातले यंत्रच जास्त आवडते!

तिचे नाव ली-एनफिल्ड. बोल्ट जेम्स पॅरिस ली यांचा, नळीतले आटे एनफिल्ड कारखान्याचे. १८९५ मध्ये ती ब्रिटिश फौजेत आली. पुढे बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनू लागली. जर्मन माउझरचा बोल्ट ९० अंश फिरवावा लागतो, हिचा ६० अंशच. मॅगझिनमध्ये १० गोळ्या. २००८ च्या हल्ल्यात सीएसटीवर काही पोलिसांच्या हाती हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला. इतकी वर्षे ती टिकली, ती निगा राखल्यामुळे. ती कशी राखतात ते पाहू.

१) रायफल हातात घेताच बोल्ट उघडून चेंबर आणि मॅगझिन रिकामे आहे याची खात्री करायची. हा नियम सगळ्यात आधी.

२) बोल्टची अदलाबदल नको. बोल्टवर आणि बॉडीवर एकच नंबर कोरलेला असतो. बोल्टचे तोंड आणि काडतुसाचे बूड यांतली फट वाढली तर काडतूस फाटू शकते. आपण वर्कशॉपमध्ये शिकतो तो टॉलरन्स हाच.

३) जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी झाडल्यावर त्याचा क्षार नळीत उरतो, हवेतली ओल ओढतो आणि गंज चढतो. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून आधी उकळते पाणी, मग पुल-थ्रूने कोरडी चिंधी, शेवटी तेलाचा पातळ हात. चिंधी चेंबरकडून तोंडाकडे ओढायची.

४) लाकडाला जवसाचे तेल. आपल्याकडे जवसाची चटणी घरोघरी होते, तेच जवस! हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. पण त्यात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका, आपोआप तापून पेट घेतो. पसरून वाळवा.

परदेशात अशा रायफली जमवण्याचा छंद आहे. आपल्याकडे .३०३ हा लष्करी बोअर असल्याने ती साध्या परवान्यावर मिळत नाही. म्हणूनच नागरिकांसाठी .३१५ बोअरची रायफल निघाली. तेव्हा घरात आजोबांच्या काळचे काही सापडले तर माळ्यावर दडवू नका, पोलीस ठाण्यात कळवा.

२०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यातले अनेक शस्त्रपरवाने रद्द झाले. कमरेला पिस्तूल लावून फोटो काढणे ही प्रतिष्ठा झाली होती. मला वाटते, शस्त्र मिरवणाऱ्यापेक्षा ते पुसून, मोजून, कुलपात ठेवणाऱ्या हवालदाराला त्याची किंमत जास्त कळते. आपण इंजिनिअर होणार आहोत. आपण त्या हवालदाराकडून शिकावे.