साहेबांना दिसत नाही, मग सही कशाच्या भरवशावर?

प्रश्न : माझा पुतण्या मालाडच्या एका कचेरीत लागलाय. त्याचे साहेब पूर्ण अंध आहेत. मार्व्याच्या फेरीबोटीत विषय निघाला, तर सगळ्यांना एकच शंका : हाताखालच्याने भलत्याच कागदावर सही घेतली तर?
– एक वाचक, मनोरी

उत्तर : साहेब कागद वाचतात, फक्त कानांनी. ‘जॉज’ किंवा फुकट मिळणारं ‘एनव्हीडीए’ ही सॉफ्टवेअर संगणकावरचा मजकूर बोलून दाखवतात. सरावलेला माणूस ती इतक्या वेगाने ऐकतो की शेजारच्याला नुसती किरकिर वाटावी. घोळ होतो तो फोटो काढून पाठवलेल्या कागदांचा. अक्षरं ओळखणारी वेगळी सोय नसेल, तर सॉफ्टवेअरला ते निव्वळ चित्र. म्हणून असा अधिकारी टिपणी टाइप करूनच मागतो. हस्तलिखित असेल तर कोणी वाचून दाखवलं त्याचं नाव नोंदवतो, आणि पैशाचा मामला असला की दुसऱ्याकडूनही वाचून घेतो.

डोळस साहेब तरी काय करतात? जाडजूड फाइल आली की शेवटचं टिपण आणि खालची आद्याक्षरं पाहून सही ठोकतात. भरवसा तोच, पण त्याची नोंद कुठेच नसते.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. यूपीएससी उत्तीर्ण होऊनही रेल्वेच्या लेखा सेवेने त्यांना अंधत्वाचं कारण सांगून नाकारलं. २०१६च्या परीक्षेत १२४वा क्रमांक मिळवून त्या आयएएस झाल्या, आणि ऑक्टोबर २०१९मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी. हिशेब तपासायला नको झालेल्या बाईंच्या हाती सरकारने महसुलाचा कारभार दिला!

अर्थात सही साहेबांची, म्हणजे जबाबदारीही त्यांचीच. ‘मला वाचून दाखवलं नाही’ ही सबब चालायची नाही. आपल्याला काय लागतं ते त्यांनी आधीच सांगावं. सरकारी कचेरीने ती सोय करणं २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने बंधनकारक आहे.

मला फसवणुकीपेक्षा धास्ती वाटते ती कीव करणाऱ्यांची. ‘जाऊ दे, त्यांना कुठे दिसतंय’ म्हणत चुका झाकल्या जातात, आणि साहेबांना त्या ऑडिटमध्ये कळतात. पुतण्याने खोलीत शिरताना नाव सांगावं, निघताना निघतोय म्हणावं. साहेबांचा आकडा चुकला तर तसं तोंडावर सांगावं, आणि तो स्वतः उशिरा आला तर साहेबांनी बोट चुकल्याची सबब दरवेळी ऐकून घेऊ नये.